एकवीस काही जुळेना

माझी मावशी बीजगणित शिकवायची आणि मी तिच्या हाताखालून गेलेला सगळ्यात ढ विद्यार्थी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी परीक्षा घ्यायला नको. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, ती खालच्या. शिकवणी बुडवायची म्हटलं तरी जिना उतरावाच लागायचा, आणि जिना संपला की समोर तिचंच दार. माझ्यावर तिने जो घाम गाळला तो पालथ्या घड्यावरचं पाणी ठरला. पुढे मी चष्म्याचं दुकान काढलं. तिथे नंबर लागतात, पण ते यंत्र काढतं.

मावशीची शिकवणी रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत भरायची. कुठल्याशा शाळेने मोडीत काढलेली बाकं, एक लाकडी फळा, आणि दोन मोठ्या खिडक्या. खिडक्यांना पडदे नव्हते. दुपारी ऊन थेट मानेवर यायचं, पण पडद्याचा विषय काढला की ती म्हणायची, "उजेड फळ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही." काका लवकर गेले. त्यानंतर ते घर त्या खोलीनेच चालवलं, त्यामुळे खोलीचे नियम घराला लागू झाले.

तिचा खरा जीव होता अवयव पाडण्यात. बाकीचं बीजगणित ती शिकवायची, हे मात्र ती खेळायची. फळ्यावर लिहायची, क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा. मग डावा हात कमरेवर, उजव्यात खडू, आणि वर्गाकडे तोंड. असे दोन अंक आणा की ज्यांचा गुणाकार बारा आणि बेरीज सात. कुणीतरी ओरडायचं, तीन आणि चार! मग मधल्या सातची फोड व्हायची, तीन इकडे, चार तिकडे, आणि बघता बघता त्या लांबलचक ओळीचे दोन सुटसुटीत कंस व्हायचे. एका कंसात क्ष अधिक तीन, दुसऱ्यात क्ष अधिक चार. मला गणित कधी आलं नाही, पण ते दोन कंस पडताना बघायला मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अडलेल्या पोराला ती एकच शब्द सांगायची, "जुळव." दोन अंक सापडत नसले तरी जुळव, डोळ्यांत पाणी आलं तरी जुळव. म्हणून पोरांनी तिचं नाव जुळवाबाई पाडलं. ते तिला ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. उत्तर चुकलं की म्हणायची, "पुन्हा." बरोबर आलं की म्हणायची, "पुढचं." 'बरोबर' हा शब्द मात्र मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. तिचं म्हणणं, बरोबर म्हटलं की पोरं पाय पसरून बसतात.

आता त्यातली मेख सांगतो. ती गणितं उलटी बनवायची. सकाळी चहा पिता पिता जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आधी उत्तराचे दोन कंस मांडायची, त्यांचा गुणाकार करायची, आणि येईल ते दुपारी फळ्यावर. शिकवण्या घेणारे सगळेच असं करतात, त्यात पाप नाही. पण त्यामुळे झालं काय, की तिच्या खोलीत न जुळणारं गणित कधी आलंच नाही. जुळणारच, कारण जुळलेलंच होतं. मग तिने त्याचा मंत्र केला. "जुळत नाही असं नसतं, शोधलं नाही असं असतं," हे ती रोज म्हणायची.

आणि हे खरं नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. सगळ्याच त्रिपदींचे अवयव पडत नाहीत. पडतात की नाही ते आधीच बघायची एक सोपी चाचणी असते. मधल्या अंकाचा वर्ग करायचा, त्यातून शेवटच्या अंकाची चौपट वजा करायची. उत्तर उणे आलं तर खेळ खलास, शोधत बसायचं कारण नाही. शाळेत हे शेवटच्या वर्षी घाईघाईत उरकतात, नाहीतर गाळतातच. दुसऱ्या शिकवणीतून आलेल्या एका मुलीने एकदा विचारलं, "बाई, ती चाचणी आधी करून बघू का?" मावशीने तिच्या वहीवरची ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

"ही पळवाट आहे," ती म्हणाली. "एकदा पळवाट माहीत झाली की माणूस रस्ता शोधत नाही."

तेव्हा आम्हाला ते वाक्य फार भारी वाटलं होतं.

मावशीला एकच मुलगी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचो, अजूनही म्हणतो. ताईला पुलांचं वेड होतं. नदीवरच्या पुलावरून जाताना सगळे पाण्याकडे बघतात, ही खाली वाकून खांब बघायची. घरात आगपेटीच्या काड्या आणि डिंक कधी उरायचा नाही, सगळं हिच्या पुलांत जायचं. एकदा तिने केलेल्या काड्यांच्या पुलावर मी गंमत म्हणून पाटा ठेवला. पूल तसाच राहिला, पाटा काढताना माझंच बोट चेंगरलं. ताई हसली नाही. वाकून पुलाला तडा गेलाय का ते बघत बसली.

पूल बांधायला शिकवणारी एक संस्था होती, दूरच्या शहरात. तिथे जायचं तर सोळाव्या-सतराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा द्यावी लागायची. जागा मोजक्याच, आणि ती परीक्षा आयुष्यात एकदाच देता यायची. आमच्या गल्लीतून कुणी तिथे गेलं नव्हतं. मावशी त्या वर्षी डोळ्यांत तेल घालून तिच्या मागे लागली. शिकवणी संपली की ताईची वेगळी शिकवणी. वरून मला ऐकू यायचं. "पुन्हा. पुन्हा. पुढचं." आईलेकी जेवतानाही अवयव पाडायच्या. मावशी भाजी वाढता वाढता विचारायची, "गुणाकार बहात्तर, बेरीज सतरा?" आणि घास तोंडात असतानाच ताई म्हणायची, "आठ आणि नऊ." मग मावशी पुढचं विचारायची, आणि भाजी थंड व्हायची.

परीक्षेच्या दिवशी ताई परत आली तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. मावशी दारातच उभी होती. आत ये, पाणी पी, काही नाही. पहिला प्रश्न, "किती राहिलं?"

"भूमितीतलं सगळं राहिलं," ताई म्हणाली. "एका गणितात अडकले. त्यातून निघालेच नाही."

"कुठल्या?"

ताईने प्रश्नपत्रिका पुढे केली आणि बोट ठेवलं. क्ष वर्ग अधिक एकवीस क्ष अधिक एकशे वीस.

म्हणजे गुणाकार एकशे वीस हवा आणि बेरीज एकवीस. तुम्हीही करून बघा. आठ पंधरे एकशे वीस, पण बेरीज तेवीस. दहा आणि बारा घेतले तर बावीस. त्याहून जवळ काही येत नाही. एकाने हुकतं आणि हुकलेलंच राहतं. चाचणी करायची तर एकवीसचा वर्ग चारशे एक्केचाळीस, एकशे वीसची चौपट चारशे ऐंशी. वजाबाकी उणे. हे गणित पडणारंच नव्हतं, आणि परीक्षकांनी ते मुद्दाम तसं घातलं होतं. त्या भागाच्या वर सूचनाही छापलेली होती, अवयव पडत नसल्यास तसे लिहा.

मावशीला हे किती वेळात कळलं असेल? माझ्यासारख्या ढ माणसाला हे लिहायला पानभर जागा लागली, तिला पापणी लवायला लागते तेवढा वेळ पुरला असणार. मी तिचा चेहरा बघत होतो. तो असा उतरला, की मला वाटलं ताईने काहीतरी फार मोठी चूक केली. मावशीने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. म्हणाली, "बघू."

बस, एवढंच. ताई थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली, मग आत गेली.

निकाल लागला त्यात ताईचं नाव नव्हतं. तिच्या पुलांना कुणी लाथ मारली असती तर निदान भांडण तरी झालं असतं. इथे कुणी काही बोललंच नाही. ताईने काड्यांचे पूल आमच्या माळ्यावर आणून ठेवले आणि थोड्याच दिवसांत पडद्यांच्या दुकानात कामाला लागली. लोकांच्या घरी जायचं, खिडक्यांची मापं घ्यायची, कापड किती लागेल ते सांगायचं. काम ती चोख करते. दुकानाची मालकीण तिच्याशिवाय पाऊल उचलत नाही. लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे संसार आहे, नवरा समजूतदार आहे. कुणी विचारलं तर तिचं छान चाललंय असंच मीही सांगतो. पण पुलावरून जाताना ती आता पाण्याकडे बघते, हे मी बघितलंय.

इकडे निकालानंतरच्या पहिल्याच दिवशी मावशीने फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ती चाचणी लिहिली. खडूने नाही, पांढऱ्या ऑइलपेंटने, म्हणजे पुसायची सोयच नाही. त्या दिवसापासून गणित फळ्यावर पडलं की पहिला प्रश्न, "पडतं का ते आधी बघा." 'जुळव' म्हणायचं तिने सोडलं. मुद्दाम न पडणारी गणितं बनवायला लागली. "पडत नाही म्हणायला लाजायचं नाही," असं नव्या पोरांना शिकवायला लागली. माझ्या आईने हे वरून ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." मला तर रागच यायचा. गावच्या पोरांना रोज जे मिळत होतं, ते हिच्या पोटच्या पोरीला एकदा मिळालं असतं तर पुरलं असतं. जुळवाबाई हे नाव मात्र राहिलं. नव्या पोरांना ते का पडलं हेही माहीत नव्हतं.

वर्षं गेली. मावशीचे डोळे बिघडायला लागले तशी ती माझ्या दुकानात येऊ लागली. मी नंबर वाढवत गेलो, आणि एक दिवस मला सांगावं लागलं, की आता काचेचं काम संपलं, दोष आतल्या पडद्याचा आहे. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. शिकवणी मात्र सोडली नाही. आणि मग ती घटना घडली.

सकाळी कॅलेंडरच्या पानावर तिने सवयीने एक गणित बनवलं. तीन आणि पाचचे कंस, म्हणजे क्ष वर्ग अधिक आठ क्ष अधिक पंधरा. दुपारी फळ्यावर उतरवताना स्वतःच्याच अक्षरातल्या इंग्रजी आठचा तिला तीन दिसला. मागच्या बाकावरची एक मुलगी, बसल्या जागेवरून, पेनाचं टोपण चावत म्हणाली, "बाई, हे पडत नाही. पुढचं द्या ना."

मावशी म्हणाली, "नीट शोध."

"शोधायचं कशाला, वजाबाकी उणे येतेय. नाहीच पडत."

वर्ग हसला. मावशी खुर्चीत बसली ती उठलीच नाही. पोरांना लवकर सोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "किती सहज म्हणाली रे ती पोर. पडत नाही म्हणे, पुढचं द्या. मी हे एवढंच हिला शिकवलं असतं तर आज ही कुठे असती."

ही म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती.

"मग तिला सांग की," मी म्हणालो. जरा तापूनच म्हणालो. "मला काय सांगतेस? माझे काही पूल अडलेले नव्हते."

"तोंड नाही रे मला. तिने विचारलं, की इतकी वर्षं का गप्प राहिलीस, तर काय सांगू?"

"जे आहे ते."

ती चष्म्याची दांडी पुसत बसली. उठताना म्हणाली, "शिकवणी बंद करते. तू फळा काढायला ये. आणि उजेड आता डोळ्यांना सोसवत नाही, तिला म्हणावं खिडक्यांची मापं घेऊन जा. पडदे लावू."

रविवारी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. ताई टेप घेऊन आधीच आली होती. एका खिडकीचं माप झालं होतं. मावशी पहिल्या बाकावर बसली होती, पोरांच्या जागी, आणि तिथून फळ्याकडे बघत होती. त्या ऑइलपेंटच्या अक्षरांपलीकडे तिला फारसं काही दिसत नसावं. मी स्टुलावर चढून वरचा स्क्रू फिरवायला घेतला. तो गंजून बसला होता.

"तुझ्या परीक्षेतलं ते गणित," मावशी एकदम म्हणाली, "पडणारं नव्हतं."

टेपचा कर्रकर्र आवाज थांबला.

"मला तेव्हाच कळलं होतं. दारात. ही वर लिहिलीय ती चाचणी मी तुला शिकवली असती तर तू ते ओळखून पुढे गेली असतीस. मी शिकवली नाही. माझ्या हट्टापायी तुझं वाटोळं झालं. माफ कर म्हणायलासुद्धा मला लाज वाटते."

मी स्टुलावर होतो तसाच राहिलो. उतरावं की नाही कळेना. ताईने टेप सोडली, तिची पट्टी सर्रकन डबीत गेली. ताई खिडकीच्या कट्ट्याला टेकली. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. दोन्ही तिचा हक्क होता.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली.

"काय?"

"पडत नाही ते. चाचणी येत नव्हती, पण सगळ्या जोड्या लिहून काढल्या. एकशे विसाच्या जोड्या त्या किती असणार? वरची सूचनाही वाचली होती. मी उत्तर लिहिलंसुद्धा होतं. अवयव पडत नाहीत. स्वच्छ अक्षरात."

मावशी बाकावरून पुढे वाकली.

"मग?"

"मग खोडलं. वाटलं, घरी गेल्यावर तू विचारशील आणि मी म्हणणार, पडत नाही. तू म्हणणार, शोधलं नाहीस. जुळवाबाईच्या मुलीने असं लिहायचं? म्हणून पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागले. नसलेलं शोधत बसले, आई. घंटा होईपर्यंत."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि फळ्यावर ओरखडा उठला. कुणी तिकडे बघितलंही नाही. आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो, की पोरीला एक युक्ती माहीत नव्हती म्हणून तिचं गेलं. मावशी त्याच एका समजुतीवर स्वतःला जाळत बसली होती, आणि ती समजूतच चुकीची निघाली. युक्तीवाचून काही अडलं नव्हतं. उत्तर हातात होतं. ते आईला दाखवायची छाती नव्हती.

"तू घरी दारात कागद बघितलास ना," ताई पुढे म्हणाली, "तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आता म्हणेल, अगं हे पडतच नाही. एवढं म्हणाली असतीस तरी मला पुरलं असतं. संस्था गेली तर गेली म्हटलं असतं. तू म्हणालीस, बघू. मला वाटलं, म्हणजे पडत असणार. मलाच सापडलं नाही. कितीतरी वर्षं मी तेच धरून चालले. खिडकीचं माप घेताना मनात जोड्या चालायच्या. निकालानंतर ह्या खोलीत यायचंच सोडलं होतं मी. नंतर कधीतरी इथेच, ह्या कोपऱ्यातलं वाचून कळलं, की माझंच खरं होतं. तोवर काय, पडदेच."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. राग आला की माणसाला काहीतरी उत्तर देता येतं.  मावशीचे ओठ हलत होते.  मग तिने जे विचारलं ते ऐकून मला तिला हाताला धरून हलवावंसं वाटलं. जन्माची सवय, दुसरं काय.

"दहा आणि बारा घेऊन बघितले होतेस?"

ताईने डोळे मिटले. पुन्हा उघडले.

"बघितले होते," ती म्हणाली. "बावीस होतात. एकाने जास्त."

मावशी बाकाला धरून उठली. चाचपडत खिडकीशी गेली, ताईचा हात सापडेपर्यंत कट्ट्यावरून हात फिरवत राहिली. सापडला तो हात तिने दोन्ही हातांनी धरला.

"बरोबर," ती म्हणाली.

ताई, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, खिडकीत, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी मान खाली घालून उभी. मग तिने हात हळूच सोडवून घेतला, टेप उचलली आणि दुसऱ्या खिडकीला लावली. पहिलं माप चुकलं, तिला पुन्हा घ्यावं लागलं.